न भरलेला चुडा

फरीदाभाभीनं माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मला बोरथडीत सून म्हणून येऊन आठवडाही झाला नव्हता. माझे पंजे रुंद, हाडं जाड. माहेरी कासाराच्या हातून दोन-चार बांगड्या वाढल्याशिवाय माझा चुडा कधी भरला नव्हता. भाभीनं अंगठ्याखालचं मांस दाबून आत घेतलं आणि म्हणाली, "नवऱ्याचं नाव घे बघू." मी लाजून मान खाली घातली, तोवर बांगडी मनगटावर होती.

बोरथडी शिरूर तालुक्याच्या अगदी शेवटाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. भाभी मणेरांच्या, म्हणजे बांगड्या भरणाऱ्या मुसलमानांच्या, घरातली. तिचा नवरा अनिस सणसवाडीच्या एका कंपनीत प्रेसवर कामाला होता. भाभी मात्र बांगड्यांची पेटी घेऊन दोन्ही काठांची गावं हिंडायची, बाजारच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्यात बसायची. तिच्या जिभेला सगळे भिऊन असायचे. एकदा कंडक्टरनं पेटी टपावर टाकायला सांगितली, तर ती म्हणाली, "मग तूबी टपावर चल. वाटंत बांगड्या फुटल्या तर तुझ्या बायकूला काय भरू?" अख्खी एस.टी. हसली आणि पेटी आत आली.

तेव्हा, म्हणजे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साली, नदीचं वाहतं पाणी कुणी पीत नव्हतं. पुण्याची घाण मुळा-मुठेतून भीमेत येते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आमच्याकडं वाळू होती. पात्रात हातभर झिरा उकरला, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, की खालून निवळशंख पाणी यायचं. सकाळी आम्ही बायका हंडे-कळशा घेऊन तिथंच बसायचो. सासूबाई, म्हणजे गिताबाई, म्हणायच्या, "वाळू हाय तवर भीमा आपल्याला मारत न्हाई."

दोन हजार साल उजाडलं आणि पोपटरावांनी वाळूचा ठेका घेतला. पोपटराव गावातलेच. त्यांच्या बायकोनं, रतनबाईनं, मी नवी सून आले तेव्हा माझी खणानारळानं ओटी भरली होती. म्हणून सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. आधी गाढवं आली, मग ट्रॅक्टर, मग डंपर. शेवटी पात्रात बोट आली. तिचा जाड पाइप तळातून वाळू ओढायचा आणि दिवसभर घरघरायचा. पुढच्या उन्हाळ्यात झिरा उकरायला गेलो, तर फावडं चिकट काळ्या गाळात रुतलं. वाळू संपली होती. काठच्या विहिरींना वास यायला लागला. आमच्या विहिरीचं पाणी हंड्यात ठेवलं की वर तवंग धरायचं.

त्याच उन्हाळ्यात भाभीच्या सनाला कावीळ झाली. पोर सहा वर्षांची, बोलण्यात आईच्या वरताण. तळेगावच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" भाभीनं सांगितलं. डॉक्टर मान हलवून लिहीत राहिले. पुण्याला हलवेपर्यंत पोर गेली.

कब्रस्तान नदीच्या उंच दरडीवर होतं, बाभळींच्या सावलीत. सनाला नदीकडच्या शेवटच्या ओळीत ठेवलं. अनिसनं उशाला मेंदीचं झुडूप लावलं. त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. भाभी फेरीवरून परतताना पेटी खाली ठेवायची आणि कुंपणाबाहेर उभी राहायची. मी एकदा तिच्याबरोबर होते. ती रडली नाही. पात्रातल्या बोटीकडं बघत म्हणाली, "हिचा आवाज माझ्या पोरीच्या उशाशी. दिवसभर."

बोट सरकत सरकत काठाला आली आणि दरडीच्या पायातली वाळू ओढायला लागली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी भरदुपारी दरड सुटली. बाभळीसकट जमिनीचा मोठा लचका पाण्यात गेला. आम्ही धावलो. भाभी कुंपणाशी थांबली नाही. पांदीच्या वाटेनं खाली पात्रात उतरली आणि वर बघत उभी राहिली. सनाच्या कबरीवरचं मेंदीचं झुडूप दरडीच्या कडेला लोंबत होतं, मुळं हवेत. त्याच्या बाजूला, मातीतून कुणाच्यातरी कबरीच्या फळ्यांची टोकं बाहेर आली होती. भाभी म्हणाली, "बायकांनी कब्रस्तानात जायचं न्हाई म्हनत्यात. आता कब्रस्तानच माझ्याकडं याया लागलंय."

त्या संध्याकाळी मशिदीच्या ओट्यावर माणसं जमली. सुभानमामा सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "फरीदा, आपली चार घरं हायती. गावाशी वाकडं घ्यायचं न्हाई. राहिलेल्या कबरी मागं सरकवू."

"आन् मामा, मागचीबी जमीन गेली मंग? मेलेल्यांनी किती सरकायचं?"

दुसऱ्या दिवशी भाभी तक्रार घेऊन शिरूरला निघाली. सोबत माझ्या सासूबाई, कारण विहीर नासली होती, आणि चार अक्षरं वाचता यावीत म्हणून मी.

तहसील कचेरीतल्या क्लार्कनं आम्हाला नियम नीट वाचून दाखवला. मी ते विसरलेले नाही. काठापासून अंतर सोडायचं. पुलापासून, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून, स्मशान आणि कब्रस्तानापासून अंतर सोडायचं. यंत्र लावायचं नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हंजी कायदा हाय की!"

"आहे ना," क्लार्क म्हणाला. "पण नदीच्या मध्यावर तालुक्याची हद्द आहे. बोट त्या बाजूला असेल, तर दौंडचा विषय."

आम्ही दौंडला गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा बघितला. "दरड कुणाची पडली? तुमच्या काठाची. मग हा शिरूरचा विषय."

"बोट हलती साहेब," भाभी म्हणाली. "तुमी बगायला आलात की ती तिकडं जाती, ते आले की इकडं येती. तिला हद्द कळती. तुमालाच कशी कळत न्हाई?"

साहेबांनी आवाज चढवला. भाभीनं त्यांच्यापेक्षा वरचा चढवला. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.

मग कुणीतरी सांगितलं, सरकारनं नदीकाठासाठी वेगळं धोरण केलंय, पाणी घाण करणाऱ्यावर कायदा आहे, पुण्यात त्याचं ऑफिस आहे. तिथंही गेलो. भिंतीवर नद्यांच्या पाण्याचे वर्ग दाखवणारा रंगीत तक्ता होता. तिथला माणूस सभ्य होता, त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाला, "ताई, पाण्याची तक्रार असेल तर आम्ही नमुना घेऊ. पण वाळू महसूलकडं. काठ पाटबंधाऱ्याकडं. आणि कबरींचं... ते तुम्ही ग्रामपंचायतीला विचारा."

भाभी उठली. "पानी तुमचं, वाळू त्यांची, काठ तिसऱ्याचा. मेलेली पोर तेवढी माझी. व्हय ना?"

येताना एस.टी.त पेटीच्या कडीवर तिची मूठ अशी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी दिसत होती.

पुढच्या वैशाखात पोपटरावांच्या ललिताचं लग्न निघालं. ललिताच्या बारशापासून तिच्या हातात भाभीनंच बांगड्या भरल्या होत्या, तेव्हा चुड्याला तिलाच बोलावणं गेलं. ती येणार नाही असं आम्हाला वाटत होतं. पण ती आली. पडवीत सतरंजीवर बसली, पेटी उघडली, हिरव्या बांगड्यांची माळ काढली. भोवती पन्नासेक बायका. ललिता पाटावर बसली, हात पुढं केला. भाभीनं तो धरला, नेहमीसारखा दाबला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात रतनबाई हसत म्हणाल्या, "बरं झालं आलीस भाभी. नदीचं नदीपाशी ऱ्हाऊ दे. आमचे हे म्हनत हायती, लगीन उरकलं की तुमच्या कब्रस्तानाला भिंत बांधून देतो."

भाभीनं ललिताचा हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला.

"भिंत कशावर बांदनार रतनबाई? खाली जमीन ठेवली का?"

"आजच्या दिवशी नको गं..."

"आजच बोलनार. रोजच्या दिवशी तुमच्या दारातला कुत्रा मला आत येऊ देत न्हाई. ह्यो मांडव, ही पडवी, ही स्लॅब, सगळी वाळू नदीतली. माझ्या पोरीच्या अंगाखालची. गिताबाईच्या झिऱ्यातली. तुमी ज्या घरात बसलाय, त्याच्या भिंतीत आमचं प्यायचं पानी हाय." तिनं बांगड्यांची माळ पेटीत टाकली. "ललिता, तुझ्यावर माझा राग न्हाई. पन ह्या घरातल्या हाताला आजपास्नं माझा हात लागनार न्हाई."

ललिता रडायला लागली. रतनबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "लग्नाच्या पोरीला रडवतीस? तुझं तोंड काळं व्हईल!"

"व्हऊ दे. नदी झालीच हाय."

पेटीची कडी वाजली आणि ती निघून गेली. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. ललितानं तिचं काय बिघडवलं होतं? अजूनही त्या पोरीचा चेहरा आठवला की मला भाभीचं सगळंच पटत नाही. पण सासूबाई उठल्या. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "रतनबाई, मलाबी आज बांगड्या नगं." त्यांच्यामागं धुरपदा उठली. तिच्या म्हशी नदीत उतरल्या की अंगावर चट्टे उठायचे. मग आणखी कुणी, आणखी कुणी. लग्नघरातून बायका रिकाम्या हातानं उठून गेल्या, असं बोरथडीत पूर्वी कधी झालं नव्हतं. मी शेवटी उठले. भीत भीतच.

शिरूरहून दुसरा कासार आणून चुडा भरला गेला, लग्नही वाजतगाजत झालं. त्यानंतर भाभीला मोठ्या घरांची दारं बंद झाली. कंपनीतल्या ठेकेदाराचे कुणीतरी कान भरले आणि अनिसचं काम गेलं. तो तिच्यावर ओरडला, "तेरी जुबान खा गयी हमकू!" मग तोच कपाळ धरून बसला. भाभीनं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि सांगितलं, "पोरगी दोघांची व्हती."

पण त्या पडवीतून उठलेल्या बायका परत तशा गप्प बसल्या नाहीत. पुढच्या ग्रामसभेला आम्ही सगळ्या गेलो. एरवी आमच्या सह्या घरी येऊन घेतल्या जायच्या. भाभी पुढं उभी राहिली, सासूबाई तिच्या शेजारी. वाळूचा लिलाव नको असा ठराव मांडला. पोपटरावांची माणसं दारात उभी होती. तरी हात वर झाले, पुरुषांचेही झाले. सुभानमामांनीही केला. ठराव झाला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

महिन्याभरात बोट परत आली. ठेका पलीकडच्या काठाचा होता, दौंड तालुक्यातला, दुसऱ्याच नावावर. कागद सगळे नियमाप्रमाणे होते. बोट तीच, पाइप तोच आणि खड्डाही तोच. आम्ही तक्रार केली. शिरूरचे साहेब म्हणाले, आता तर आमचा संबंधच नाही.

दोन हजार पाचच्या पावसात वरची धरणं भरली आणि भीमा फुगली. पाणी उतरलं तेव्हा दरड नव्हती. बाभळी नव्हत्या, कुंपण नव्हतं. माणसांना खालच्या अंगाला गाळात जे सापडलं ते त्यांनी चादरीत गोळा केलं आणि माळावर नव्या जागेत पुरलं. सनाचं काही सापडलं नाही. अनिस दोन दिवस गाळात पाय ओढत फिरत होता.

पंचनाम्याला तलाठी आणि सर्कल अधिकारी आले. सर्कलनं लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "पुरामुळे, नैसर्गिक आपत्तीने कब्रस्तानाची जमीन वाहून गेली."

"खोटं लिवताय," भाभी म्हणाली. "पुरानं न्हाई नेली. पूर माझ्या सासऱ्याच्या बापानंबी बगितला व्हता, दरड जागची हालली न्हवती. लिवा, पाया काढून नेला आन् मग जमीन पडली. कुनी नेला त्येबी लिवा."

"तसा रकाना नाही, भाभी."

"मंग माजा अंगठाबी न्हाई."

आणि तिनं दिला नाही. बाकीच्या पंचांनी सह्या केल्या. पोपटरावांचं काही वाकडं झालं नाही. पुढं ते पंचायत समितीवर निवडून गेले.

भाभी आता सणसवाडीत बसते, भाड्याच्या खोल्यांच्या गल्लीत. बिहार-यूपीकडच्या बायका तिच्याकडून लाखेच्या बांगड्या भरतात. त्यांच्याशी ती तोडक्यामोडक्या हिंदीत बोलते, आणि बोअरचं पाणी उकळून पी म्हणून दमही देते. गेल्या दिवाळीला मी तिच्याकडं गेले होते. तिनं माझा हात धरला, मी समजुतीनं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "भाभी, एवढा राग किती वर्सं ठेवायचा? झालं गेलं गंगेला मिळालं."

तिचा हात माझ्या पंज्यावर तसाच घट्ट राहिला. दुखेल इतका.

"तुमचं मिळालं असंल गंगंला," ती म्हणाली. "माजं भीमंला मिळालं. आन् भीमा अजून काळी हाय."

तिनं बांगडी चढवली आणि दुसरी उचलली.