दवाखान्याचं बंद फाटक

गटारावर टाकतात त्या पांढऱ्या पावडरीचा वास आला की लिंबायतमधलं दवाखान्याचं बंद फाटक आठवतं. सुरतेत प्लेग आला होता, बाप घरी तापाने फणफणत होता आणि आई मला ओढत त्या फाटकासमोर गोळ्या मागणाऱ्या बायकांच्या मोर्चात शिरली होती. नाकाला रुमाल बांधलेले पोलीस आमचा स्पर्श नको म्हणून लांबूनच लाठीच्या टोकाने ढकलत होते. आईने एकाची लाठीच धरली. "पैले गोळी दे, मंग मार!" त्याने रुमाल खाली केला नि हळूच म्हणाला, "मासी, हमको भी नहीं मिली." आईने लाठी सोडली आणि मला घेऊन घरी निघाली. आता वाटतं, त्याने मारलं असतं तर बरं. आत गोळ्या आहेत, असं तरी वाटलं असतं.