पाकळी झटकणारे साडू

फुलांच्या पाकळ्यांना घाबरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि ते माझे थोरले साडू आहेत. सातपूरच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म तपासणी खात्यात गेला. सदोष माल त्यांच्या हातून कधी पास झाला नाही. निवृत्तीनंतर गिरणाऱ्याजवळ तुकडाभर जमीन घेऊन त्यांनी मोहरी लावली. आजूबाजूचे द्राक्षवाले हसले, पण हसण्याला बधेल तो साडू कसला! मोहरीवरची खोडकुज त्यांनी सत्यनारायणाच्या कथेइतकी पाठ केली आणि येईल त्याला ऐकवली. बुरशी हवेतून येते, फुलावर बसते. पाकळी गळून पानाच्या बेचक्यात अडकते, दवाने कुजते आणि तिथून रोग खोडात शिरतो. खोड पांढरं पडून पोकळ होतं, आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे धरतात, ते मातीत पडले की वर्षानुवर्षं मरत नाहीत. म्हणून हे रोज सकाळी दाढीचा जुना ब्रश घेऊन बेचक्यातल्या पाकळ्या झटकत फिरत. सवय इतकी जडली की एकदा पूजेत त्यांनी गुरुजींच्या उपरण्यावरची झेंडूची पाकळीही टिपली. गुरुजींना ती भक्ती वाटली, प्रसाद जास्त मिळाला.

पुढे त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं आणि तिला प्री-वेडिंगचे फोटो बापाच्याच पिवळ्याधमक शेतात हवे होते. फोटोग्राफरला तर पाकळ्यांचा पाऊस हवा होता. साडूंनी साफ नकार दिला, जेवण सोडलं, सगळ्या घराला पुन्हा खोडकुज ऐकवली. लेक शांतपणे म्हणाली, “बाबा, पुढच्या मोहरीला मी इथे नसणार.”

फोटो निघाले. फोटोग्राफरच्या पोरांनी झाडं गदागदा हलवली, पाकळ्या उधळल्या. साडू बांधावर ब्रश घेऊन उभे होते.

लग्न पार पडलं आणि नेमक्या फोटो काढलेल्या कोपऱ्यातच खोडं पांढरी पडली. दोष त्या आठवड्यातल्या दवाचाही असेल. साडूंनी झाडं उपटून जाळली. तिथे आता गहू असतो, त्याला हा रोग लागत नाही. फोटो मात्र दिवाणखान्यात लावलाय. पाहुण्यांना ते लेकीच्या खांद्यावरची पाकळी दाखवतात, “रोग इथून शिरला,” म्हणतात आणि काचेवरचा बोटाचा ठसा सदऱ्याने पुसतात. मला या माणसाची फार माया वाटते ती तेव्हा.

परवा मी बसलो असताना लेकीचा फोन आला. तिने फोटोच्या कोपऱ्यातल्या मोहरीची चौकशी केली.

“एकदम ओके,” साडू म्हणाले. “एक झाड खराब झालं नाही बघ.”

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी सदोष माल पास केला होता. मी खिडकीबाहेर बघत चहा पीत राहिलो.