ताप चढेपर्यंत

माझ्या वहिनीला कुणाचं वाईट झालेलं बघवत नाही. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून येते, पण खोलीत कुणाचं दुखलं-खुपलं तर आधी तीच उठते. परक्या देशात एका खोलीत आम्ही नऊ माणसं. दादा, वहिनी, मी आणि आणखी सहा जण. रोज भांडणं, आणि ती मिटवायचा मक्ता वहिनीकडे.

साथ आली तशी कामाच्या दारावर कपाळाला यंत्र लावून ताप बघायला लागले. ताप निघाला की अख्ख्या खोलीचं काम बंद. काम गेलं की राहायचा परवानाही जातो. मग काय, कणकण वाटली की वहिनीकडून गोळी घ्यायची, कपाळावर ओला रुमाल फिरवायचा आणि साळसूदपणे आत शिरायचं. आम्ही सगळे त्यात पटाईत झालो होतो.

त्या दुपारी दादाला जिना उतरताना धाप लागली, ती थांबेचना. वाटेत चौकात पोलीस तपासत होते, म्हणून वहिनीने सवयीने आधीच त्याला गोळी दिली होती. दवाखान्याच्या दारात नर्सने यंत्र लावलं. "ताप नाही. ताप असेल तरच आत. पुढे कोण?"

मी तिच्याशी भांडले. पण माझी तिथली भाषा मोडकीतोडकी, धाप कशी सांगायची तेच येईना. छातीवर हात आपटून दाखवला, तर तिने मला फाटक दाखवलं. असा संताप आला म्हणता.

वहिनी मटकन खाली बसली. "माझ्याच हातांनी केलं गं हे." मग दादाला भिंतीला टेकवून आम्ही वाट बघत बसलो. वहिनीने देव पाण्यात घातले होते, आणि ते नवऱ्याचा ताप चढावा म्हणून. दर थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला हात लावायची.

"नको तेव्हा येतो," दादा धापा टाकत म्हणाला, "आज भाव खातोय."

थोड्या वेळाने त्याचे ओठ काळेनिळे दिसायला लागले. वहिनी उठली. "चल, तिला खरं सांग. आठवडाभर ताप आहे, गोळी देऊन लपवला, सगळं."

"अगं, खोलीत किती जण ते विचारतील," मी म्हणाले. "सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. तुझ्या-माझ्यासुद्धा."

"माहितीये मला. चल."

मी सांगितलं. नर्सने तेच विचारलं. माझी जीभ रेटेना. वहिनीला प्रश्नाचा शब्दही कळला नव्हता, पण तिने नऊ बोटं पुढे केली आणि खोलीचा पत्ता असलेलं ओळखपत्र तिच्यासमोर ठेवलं. दादाला चाकाच्या खुर्चीत घालून आत नेलं.

आम्ही खोलीवर परतलो तेव्हा परवाना गेलेल्यांना न्यायला दारात सरकारी गाडी उभी होती. सहाही जण पिशव्या घेऊन रांगेत. कुणी आमच्याकडे बघेना. आम्हाला इथे काम मिळवून देणारे काका तेवढे थांबले.

"आत घेतलं का त्याला?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

"मग झालं तर," काका म्हणाले आणि गाडीत चढले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.