निळे हातमोजे

मुलाने सावद्याचं घर बंद केलं, माझी ट्रंक गाडीत टाकली आणि मला धुळ्याच्या वृद्धाश्रमात आणून सोडलं. "आई, तिथं रात्रंदिवस नर्स असते," म्हणाला. जाताना पाया पडला. मी ट्रंकेवरच बसले. दम लागला होता.

दुसऱ्या दिवशी वैशाली सिस्टर अंघोळ घालायला आली ती निळे हातमोजे चढवूनच. आम्ही बौद्ध. माझी आई सांगायची, "पोरी, पाणी देणाऱ्याचा हात बघत जा." शिवू नये म्हणून ओंजळीत वरून पाणी ओतणारे मी लहानपणी पाहिलेत. तेव्हा निदान मोजे नव्हते. अंघोळ झाली की ही बाई मोजे कचऱ्यात टाकायची, हात धुवायची, टिपायची, वर काहीतरी पांढरं चोळायची. म्हटलं, विटाळ काढतेय.

शेजारच्या पाटलीणबाईंना अंघोळ घालताना दार ढकलून पाहिलं. तिथंही मोजे. तरी वाटलं, मी बघते हे हिला ठाऊक असेल, म्हणून तिथंही घातले.

शेवटी तोंडावर विचारलं, "मले शिवाले विटाळ होतो का तुले?"

ती नरडाण्याकडची, अहिराणी बोलणारी. रागाने मोजे ओढून काढले. "अक्का, मना हात देखा! माले कोनीच घिन नही."

पेरापेरावर भेगा, आत लाल. दिवसभर साबण, पाणी, कोणाची चादर, कोणाचं अंग. आधीच्या ठिकाणी उघड्या हातांनी केलं, हात चिघळले, तिला कामावरून काढून घरी बसवलं. डॉक्टरने ओल्या कामाला मोजे आणि धुतल्यावर मलम सांगितलेलं. "इथूनही काढलं तर खाऊ काय?" म्हणाली आणि हट्टाने तशीच उघड्या हाताने बादलीकडे वळली.

"मोजे घाल," मी म्हटलं. सावद्याला कच्ची केळी चिरण्याआधी आम्ही हाताला तेल लावायचो, नाहीतर चिकाने हात काळे व्हायचे. तेल लावलं म्हणून केळी कधी रुसली नाहीत.

दुपारी ती माझी वेणी घालते, तेव्हा मोजे नसतात. कोरड्या कामाला नकोत, आत घाम येऊन हात आणखी बिघडतात म्हणे. मी तरी मान वळवून बघतेच.

गावाकडच्यांनो, फोन केलात की घराची आठवण येते का, विचारता. त्या घराची किल्ली मुलाकडे आहे. इथं वेणी झाली की मी वैशालीची बोटं धरून भेगा भरल्या का बघते. ती हात मागे घेत नाही.