साहेबांच्या खुर्चीभोवती फिरलेली गाडी

पोरींचा रोबोट आमच्या पडवीत तयार झाला. शाळेत त्यासाठी जागा नव्हती, म्हणून माझ्या मुलीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी आपलाच संघ काढला. टेलरने काळं अस्तर दिलं, पंखे दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी तारा दिल्या, बचत गटाच्या बायांनी चहा आणि सल्ला दिला. सल्लाच जास्त.

रोबोटला हातपाय असतील असं मला वाटलं होतं. निघाली डब्याएवढी गाडी. काळ्या कापडावर पांढरी पट्टी चिकटवायची, गाडी तिच्यावरून जायची आणि पट्टी संपली की थांबायची.

नागपूरच्या स्पर्धेचा खर्च सिमेंट कंपनी करणार होती. पण कंपनीचे साहेब आधी गाडी पाहणार. त्यांना पटली नाही तर पोरी घरीच.

सकाळी अंगणात कापड अंथरून, पट्टी लावून मुलगी साहेबांना आणायला निघाली. "आई, आता इथी कशालेच हात लावू नको."

पण पाहुणा यायचा आणि अंगण तसंच? कापडाच्या चारही बाजूंनी मी शेणाने सारवलं. पट्टी जिथे संपत होती तिथून रांगोळीची वेल काढली, आणि जेवणाऱ्याच्या पाटाभोवती काढतो तसा साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीभोवती जाड गोल घातला. वेल गोलाला नेऊन जोडली. छान दिसत होतं.

मुलगी साहेबांसोबतच आली. अंगण पाहून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराआड गेले.

बचत गटाच्या बायाही जमल्या होत्या. पोरींनी गाडी सोडली. पट्टी संपली, पुढे वेल लागली. गाडी थांबलीच नाही, वळणं घेत निघाली. मुलगी धरायला धावली तर साहेब म्हणाले, "हात लावू नका. तिची ती कशी थांबते, तेच पाहायचं आहे."

गाडी खुर्चीपाशी पोचली आणि गोल गोल फिरायला लागली. साहेबांनी पाय वर घेतले.

"काऊन थांबत नाई हे?" त्यांच्या ड्रायव्हरने विचारलं.

"रेषच संपत नाई, त काय करन थे!" मुलगी रडकुंडीला आली होती.

"फिरू दे वं," शेजारीणबाई म्हणाली, "साहेबाले ओवाळून राह्यली!"

सगळ्या बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. पोरींचे चेहरे उतरले ते दाराआडून मला पाहवेना. रांगोळीवर आम्ही पाय देत नाही, म्हणून मी येऊन खाली वाकले आणि हातानेच गोल एका जागी पुसून टाकला. गाडी फिरून तिथे आली आणि थांबली.

साहेबांनी पाय खाली ठेवले. "रेष होती तोवर चालली, संपली तशी थांबली. यात गाडीची काही चूक नाही. खर्च देऊ आम्ही. फक्त सोबत कोणी मोठं बाईमाणूस पाहिजे."

सगळ्या बायांनी माझ्याकडे बोट केलं. माझे हात शेणाने आणि रांगोळीने भरलेले. पदरही सावरता येईना.

"येते थे," शेजारीणबाईच बोलली. "तिच्या घरच्याले मी सांगतो."

असं माझं नागपूर ठरलं.