दाराची जागा

म्हातारे सदरलँड आत शिरताना वाकले, आणि मला कळेना का. समोर दार नव्हतंच. गुडघाभर उंचीच्या दगडांचा एक चौकोन उरला होता, आणि त्यात मेंढ्या चरत होत्या.

स्कॉटलंडला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा तिचे हे शेजारी आम्हाला आपलं मूळ गाव दाखवायला घेऊन गेले. त्यांचं आडनाव या मुलखाच्या नावावरूनच आलेलं; सदरलँड म्हणजे दक्षिणेकडची भूमी. पण हे तर देशाचं अगदी उत्तर टोक!

"नाव आमचं नव्हेच," ते म्हणाले. "समुद्रावरून, आणखी उत्तरेकडून आलेल्यांनी ठेवलं. त्यांना ही दक्षिण."

पुढे जमीनदाराला इथे मेंढ्या पाळायच्या होत्या. माणसं हाकलली, घरांची छपरं जाळली.

"मघाशी वाकलात का?" मी विचारलं.

"दार बुटकं होतं, असं आजी सांगायची."

गाव नाहीसं होतं, आडनाव मात्र बिऱ्हाडामागून चालत राहतं, दावं तुटलेल्या गुरासारखं.

मी देवळोशीकर. आमची देवळोशी धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाबा चिखल तुडवत तिथे जायचे, आणि उंबऱ्याच्या जागेशी चपला काढायचे.

बाबा गेले तेव्हा धरण तुडुंब होतं. अस्थी घरावरच सोडा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. बरंच आत गेल्यावर होडीवाल्याने वल्हं थांबवलं.

"घर कुठं होतं तुमचं?"

होडीत सगळे देवळोशीकरच होतो. एकालाही बोट दाखवता आलं नाही.