अर्ध्यावर सोडलेली दागू

कदिगाचा राग अकरा वर्षांचा होता. तिने तो लेकरासारखा पोसला होता.

इथिओपियातल्या अफारांच्या मुलखात दोघं भेटले की आधी खाली बसतात, घाई कितीही असो. काय पाहिलंस, काय ऐकलंस, कोणाकडून ऐकलंस, हे शेवटापर्यंत विचारायचं आणि शेवटापर्यंत सांगायचं. ही दागू. पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे, हे तिच्यातूनच कळतं, म्हणून सांगणाऱ्याचं नाव गिळणाऱ्याला तिथे कोणी माणसात धरत नाही. कदिगाच्या सख्ख्या मामेभावाने, एलेमाने, नेमकं तेच केलं होतं.

एलेमा राजधानी अदिसहून येणाऱ्या, जमिनीतली जुनी हाडं शोधणाऱ्या हाडंवाल्यांकडे कामाला होता. कमरेला बापाचा खंजीर आणि डोक्यावर साहेबाने दिलेली टोपी. एक दिवस तो वाटेत भेटला तेव्हा कदिगाने भोळेपणाने सगळं सांगायला घेतलं.

"शेळ्यांमागे फिरताना गुडघ्याचं हाड मिळालंय मला, पार दगड झालेलं. शेळीचं नाही रे. शेकड्याने शेळ्या सोलल्यात मी, त्यांचं मांडीचं हाड सरळ उतरतं. माकडाचंही तसंच. हे गुडघ्याकडे आत कलतं, माझ्यासारखं. दोन पायांवर चालणाऱ्याचं आहे ते. जनावरांनी तुडवू नये म्हणून खाली ओढ्यात तीन दगडांच्या आडोशाला ठेवलंय..."

हाड उचललं कुठून, हे सांगायला तिने श्वास घेतला, तोवर एलेमा उठून चालायलाही लागला होता. दागू अर्ध्यावर टाकून!

पुढच्याच महिन्यात मीठवाल्यांच्या तांड्याने बातमी आणली, की एलेमाला ओढ्यात जगातला फार जुना गुडघा सापडला. कदिगाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तिने उंटिणीच्या दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि ठरवलं, आता मरा, जागा काही मी सांगणार नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात हाडंवाले त्या तीन दगडांभोवतीची माती चाळत. उन्हात माणसं भाजून निघत, हाती उंदराचा दातही लागत नसे. समोरच्या टेकाडावर कदिगा शेळ्या सोडून चहा पीत बसे. तो चहा तिला फार गोड लागे. ती कोणाशी खोटं बोलली नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मग सेनाईत नावाची नवी बाई हाडंवाल्यांच्या तळाची प्रमुख झाली. ती अफार बोलायला शिकली होती. टेकाड चढून आली आणि सरळ मातीत बसली.

"काय पाहिलंत, कदिगाताई? मला घाई नाही."

अकरा वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. कदिगाने गळ्यातली चामड्याची पिशवी उघडून बोटाचं एक हाड काढलं, वाकलेलं, फांदी धरायला असावं तसं. "हे गुडघ्याशेजारीच पडलं होतं."

सेनाईतने ते उन्हात धरून फिरवून पाहिलं. "गुडघा चालणारा आणि बोटं झाडावरची! अहो, ही तर मधलीच कोणीतरी. ना पुरती झाडावरची, ना पुरती आपल्यातली. पण गुडघा ओढ्यातल्या थराचा धरून आम्ही वय काढलं, ते कशाशीच जुळत नाही. भांडून भांडून थकलो."

"चुकीच्या जागी चाळल्यावर काय जुळणार? गुडघा मी वरून आणलाय, दरडीतल्या ज्वालामुखीच्या राखेच्या पट्ट्यातून. तिथे बरगड्यांची टोकंही दिसत होती, ओळीने."

"मला दाखवा ना!"

"आधी एलेमा बोलेल. विहिरीवर, सगळ्यांदेखत."

एलेमाला बोलावलं. तो हसला. "अगं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

"तू नेलीस तेव्हा घर आठवलं नाही का रे, चोरा?"

चाळीस माणसांपुढे एलेमाला बसावं लागलं. "मी हे कदिगाकडून ऐकलं. तिचं नाव गाळलं," तो पुटपुटला.

"मोठ्याने!"

तो मोठ्याने बोलला. एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली, मग दुसऱ्याने. दोन दिवसांत ही बातमी मिठागरापर्यंत पोचणार होती. कदिगाने ते मन भरून पाहिलं. हा दिवस तिने किती वेळा डोळ्यांपुढे आणला होता!

मग ती सेनाईतला घेऊन वर गेली.

राखेचा पट्टा तिथे नव्हता. अकरा पावसाळ्यांनी दरड खाली आणली होती. बरगड्यांच्या जागी मातीत पांढरा चुरा होता, चिमटीत धरला तरी पीठ होणारा. सेनाईत त्या चुऱ्यापाशी खाली बसली.

कदिगाने एलेमाला माफ केलं नाही, करणारही नव्हती. पण ती जी कोण मधली बाई होती, आपल्यासारख्याच गुडघ्यांनी इथून चालत गेलेली, तिने आपलं काय बिघडवलं होतं? कदिगाचा जीव कळवळला. तिने बोटाचं हाड सेनाईतच्या तळहातावर ठेवलं.

"एवढीच उरली ती. वहीत लिहून घे."

"शोधणाऱ्याचं नाव कदिगा," सेनाईत लिहू लागली.

"पुढचंही लिही. बाकीची घालवली कोणी, तर तिथेही कदिगाच. दागू अर्धी सांगू नये."